सशांच्या नावानं डुकरांची लस

माझ्या आईनं आमच्या गावात, अख्ख्या बेल्यात, सांगून ठेवलं होतं की आपली पोरगी हैदराबादला सशांची डॉक्टर आहे. भाजी घ्यायला येणाऱ्या बाया, बसस्टँडवरचा चहावाला, शाळेतल्या माझ्या जुन्या बाई, मंचेरियलचं स्थळ घेऊन आलेले लांबचे मामा, सगळ्यांना हेच. मामांनी जरा खोलात जाऊन विचारलं, "सशांना होतं तरी काय?" आई ठसक्यात म्हणाली, "ताप येते." उत्तर अगदी बरोबर होतं. फक्त तो ताप मीच आणत होते, एवढं तिला माहीत नव्हतं.

मी काम करत होते डुकरांच्या लशीवर. डुकरांना एक ताप येतो, त्यात आठ-दहा दिवसांत कळपच्या कळप आडवा होतो. त्यावर जी लस देतात ती जिवंत असते, म्हणजे रोगाचाच विषाणू, पण कमजोर केलेला. पूर्वी तो कमजोर करायला सशांतून फिरवत. एका सशाला टोचायचा, त्याची पाणथरी, म्हणजे प्लीहा, काढून वाटायची, ती दुसऱ्याला टोचायची, मग तिसऱ्याला. असा शेकडो सशांतून हिंडला की विषाणू सशात रमतो आणि डुकराला मारायचं कसं ते विसरतो. आमच्या प्रयोगशाळेत आता हे काम बाटलीत वाढवलेल्या पेशींवर चालायचं, कारण लशीपायी इतके ससे मारणं कुणालाच बरं वाटत नव्हतं. पण तयार झालेली लस लागू आहे का, हे बघायला अजूनही थोड्या सशांना टोचून त्यांचा ताप मोजावा लागायचा. ते काम माझ्याकडे होतं. म्हणजे मी आईशी खोटं बोलले नव्हते. खऱ्यातला सोयीचा तुकडा तेवढा तिच्या हातात दिला होता.

याला कारण होतं. आमच्या घरी जेवताना डुकराचं नावही काढत नसत. आणि आई म्हणजे स्वच्छतेचा कहर. आमचं भाजीचं दुकान, मागं घर, आणि दोन्हीकडे फिनेल. सकाळी फिनेल, दुपारी फिनेल, पाहुणे येऊन गेले की फिनेल. लहानपणी माझ्या डब्यातल्या गुळाच्या पोळीलाही तो वास यायचा, आणि मला वाटायचं की गुळाचा वास असाच असतो. अशा बाईला मी डुकरांबद्दल काय सांगणार होते?

तर एका वर्षी थंडीच्या सुरुवातीला आमच्या मोठ्या मॅडमनी विचारलं की नवी लस आदिलाबादकडच्या गावांत देऊन बघायची आहे, कोण जाईल? मी हात वर केला. कर्तव्यबुद्धी थोडी होती, आईच्या हातची ज्वारीची भाकरी आणि ठेचा जास्त होता. दोन गावं मी आणि माझ्या एका सहकाऱ्यानं जीपमधून फिरून उरकली. तो परत गेला. राहिलं बेला. ते मी एकटीनं करायचं ठरवलं, घरी राहून.

ही लस थंड ठेवावी लागते. बेल्यात माझ्या भरवशाचा एकच फ्रीज होता, आईच्या दुकानातला, काचेच्या दाराचा, थंड बाटल्यांचा. मी लशीचा खोका दुधाच्या पिशव्यांमागे सरकवला.

"हे काय व?" आईनं विचारलं.

"सशाचं औषध."

"बेल्यात कोनाचे ससे हायेत?"

"उटनूरकडं पाळतात म्हणे."

"तं मंग तू बेल्यात काय करून राह्यली?"

मी म्हटलं, तुला भेटायला आले. आई विरघळली आणि मी सुटले. आता आठवलं की माझीच मला लाज वाटते, पण तेव्हा मोठी मौज वाटली होती.

खोक्यावर डुकराचं चित्र होतं. ते मी भिंतीकडं फिरवून ठेवलं होतं, पण एका संध्याकाळी बर्फ बदलायला खोका बाहेर काढला आणि नेमकी समोर अक्का उभी.

अक्का म्हणजे आमच्याकडे सडकी भाजी न्यायला येणारी बाई. गावाबाहेर नाल्याच्या काठी, बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंग मिलच्या मागे तिचं घर. तीन माद्या, त्यातली एक गाभण, आणि दहा-बारा पिल्लं. नवरा गेल्यापासून हाच तिचा संसार. घरात तेलुगू, बाजारात आमच्यासारखी मराठी. रोज दिवस कलला की पोतं घेऊन दुकानाच्या पायरीपाशी उभी राहायची. आई नासकी वांगी, पिवळी मेथी, कोबीची वरची पानं काढून पायरीवर ठेवायची, ती पोत्यात भरायची. दोघींत बोलणं भरपूर व्हायचं, भाव, पाऊस, सुना, सगळ्यावर. देणंघेणं मात्र पायरीवरूनच.

तिनं खोक्यावरचं चित्र पाहिलं. मग माझ्याकडं पाहिलं.

"ताई, ह्या सशाले शेपूट वाकडं हाय."

मी खोका पदराआड घेतला. आई आत पोळ्या लाटत होती.

"काकूले ठाव नाई वाटते," अक्का हळूच म्हणाली. "जाऊ द्या. तुमी गप, मी गप. पन ते तिकडलं कोबी ताजं दिसून राह्यलं."

झालं. पुढचे तीन दिवस अक्काच्या डुकरांनी आमच्या दुकानातला पहिल्या नंबरचा कोबी खाल्ला. आई वजनकाट्याला टिचक्या मारून बघायची की माल कमी कसा भरून राह्यला.

कोबी खाऊनही अक्का डुकरांना सुई द्यायला तयार नव्हती. कैक वर्षांपूर्वी असाच ताप आला होता, कुणीतरी येऊन सुया दिल्या आणि आठवड्यात तिचं अंगण रिकामं झालं. डुकरं आधीच आजारी होती, सुईचा दोष नव्हता, हे मी तिला समजावलं. ती म्हणाली, दोष कोनाचा बी असो, खड्डे मी खंदले.

"ह्या सुईतला रोग मेलेला हाय का जिता?" तिनं विचारलं.

"जिवंत. पण कमजोर."

"कमजोर म्हंजे किती?"

मला एकदम मंडल ऑफिसातला आमच्या लहानपणीचा कारकून आठवला. मोठा खडूस माणूस होता. जमिनीच्या उताऱ्याला पाय झिजवायला लावायचा, बायाबापड्यांवर ओरडायचा. मग त्याच्या बदल्यांवर बदल्या झाल्या, आणि फिरून बेल्यात आला तेव्हा नुसता खुर्चीत बसून पान चघळायचा. कुणाला काही बोलायचा नाही. पण लोक त्याला बघितलं की अजूनही कागद नीट लावून आणायचे.

"त्या कारकुनाइतका," मी म्हटलं.

अक्का इतकी हसली की तिचं पोतं कलंडलं. "मंग द्या," ती म्हणाली. "पन ताई, मी तुमच्या भरोशावर हो म्हनली. आता एक बी पंदी मेली ना, तं मी पुन्यांदा डुकरं नाई पाळू शकत. तेवढं अंगात राह्यलं नाई."

पंदी म्हणजे तेलुगूत डुक्कर. हे सगळं तिनं हसता हसताच सांगितलं.

पहिल्या दिवशी नुसतं रक्त घ्यायचं होतं. लशीआधीचं रक्त आणि महिन्यानंतरचं रक्त ताडून बघितलं की लस लागली का ते कळतं. अक्का आणि तिची भावजय डुकराच्या मागच्या तंगड्या धरून उचलायच्या, मी सुई मारायची, डुक्कर असं केकाटायचं की जिनिंगच्या पत्र्यावरची कबुतरं उडायची. काम संपल्यावर मी तिथंच हातपाय धुतले, कपडे बदलले, अत्तर लावलं आणि सात्त्विक चेहऱ्यानं घरी आले. आईनं वाढलं. काही बोलली नाही. मी मनात म्हटलं, काय पण फसवलं! आपल्या आईला आपण फसवलं असं ज्याला वाटतं, त्याच्याइतकं बावळट माणूस जगात नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझी पिशवी दारामागे नीट भरून ठेवलेली होती. बेल्यात लस द्यायची वेगळी लोखंडी पिचकारी हैदराबादहून निघतानाच उकळून, फडक्यात गुंडाळून आणली होती. ती काढताना फिनेलचा वास आला. आमच्या घरात कशाला येत नाही? मी ती घेतली, गार पाण्यात लस कालवली आणि एकेका डुकराच्या कानामागे देऊन मोकळी झाले. अक्कानं प्रत्येकाच्या पाठीवर कुंकवाचा ठिपका लावला, म्हणजे कुणी राहायला नको.

महिन्यानं परत आले, रक्त घेतलं, बसनं हैदराबादला पाठवलं आणि रजा टाकून आईकडं राहिले. तोवर नदीपलीकडच्या गावांत डुकरं मरू लागली होती. लोक घाबरून आपली डुकरं विकायला लागले, एकटी अक्का तेवढी निवांत. "माह्या पंद्यांना सुई झाली," असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. इतकी निवांत की नदीकाठच्या गावातून तिनं बाकीच्या दोन माद्यांसाठी एक नर डुक्कर आणायचं ठरवलं. तो येणार होता गुरुवारी दुपारी, ऑटोतून.

गुरुवारी सकाळी मॅडमचा फोन आला. मी दुकानात टमाटे निवडत होते.

"बाकीच्या दोन गावांची डुकरं छान आहेत," मॅडम म्हणाल्या. "बेल्याच्या डुकरांत काहीच नाही. लस दिलीच नाही असं रक्त आहे. फ्रीज बंद पडला होता का?"

मी आईला विचारलं. विचारलं म्हणजे ओरडलेच. फ्रीज कधी बंद केला होता? करंट किती वेळ गेला होता? माझ्या औषधाला हात कुणी लावला?

आईला ते लागलं. "फ्रीज एक घटका बंद नाई झाला. करंट गेला तवा म्या सोता बरफ आनला. वरतून तुही ती लोखंडी पिचकारी बी आरशासारखी साफ करून देल्ली. मले काऊन वरडून राह्यली?"

"कशानं साफ केली?"

"कशानं म्हंजे? फिनेलानं. दोन खेपा."

मी बटाट्याच्या पोत्यावर बसले. जिवंत लशीच्या पिचकारीला जंतुनाशकाचा थेंबही लागू द्यायचा नसतो. नुसतं उकळायचं आणि गार होऊ द्यायचं. ज्या विषाणूला इतक्या पिढ्या, इतक्या लोकांनी जपून, कमजोर पण जिवंत ठेवलं, तो माझ्या आईच्या फिनेलात एका क्षणात खलास झाला होता.

"तू कशाला धुतलीस? सशांचंच तर काम होतं," मी म्हटलं. अजूनही माझी खोड जात नव्हती.

"चाल, मोठी आली ससेवाली! डुकराचा वास मले नाई समजत? घरात घुसली तवाच समजलं. म्हनलं, पोरगी लाजून राह्यली, तं आपुन कायले बोलाव. गपचूप धुवून देल्लं."

मग मी तिला सांगितलं की ते औषध जिवंत होतं आणि फिनेलानं मेलं. आणि अक्का आज दुपारी नदीकाठचं जनावर अंगणात घेणार आहे. आईचा चेहरा उतरला. मी चिडले होते, पण चिडायला तोंड नव्हतं. मी पहिल्या दिवशी खरं बोलले असते, तर पिचकारीला हात लावू नको हेही सांगितलं असतं.

फ्रीजमध्ये लशीच्या दोन बाटल्या अजून शिल्लक होत्या. पुन्हा सुई द्यायची हे नक्की. प्रश्न होता अक्काला काय सांगायचं. उपाय आईनंच काढला.

"सांग ना, दुसरी सुई लागतेच म्हनून. लेकराईले नाई का दोन-दोन देत?"

किती सोपं होतं! कुणाला दुखवायचं नाही, कुणाची लाज जायची नाही. मी हो म्हटलं. आईनं चपला घातल्या आणि म्हणाली, मी बी येते. इतक्या वर्षांत ती जिनिंगच्या पलीकडं कधी गेली नव्हती. मी विचारलं नाही की का.

अक्का अंगण झाडत होती. आईला बघून तिचा खराटा हातातच राहिला. मग तिनं घाईनं बाज पुढं ओढली, वरचं धुणं उचललं. आई बसली नाही, उभीच राहिली, पदर नाकाला लावू की नको अशा विचारात.

"अक्का," मी सुरुवात केली, "डुकरांना दुसरा डोस द्यावा लागतो. नियमच आहे."

"तवा तं एकच सांगतला होता."

"हो, पण आता..."

"अवं, काही नियम-गियम नाई," आई एकदम बोलली. "म्या मारलं तुहं औषध. डुकराईले लागली असन म्हनून तिची पिचकारी म्या फिनेलात घातली. औषधच मेलं त्यात. तुह्या डुकराईले काहीच झालेलं नाई. तो नर आनू नको आज."

मी आईकडं बघतच राहिले.  डुकरं चिखलात लोळत होती, पाठीवरचे ठिपके कधीच पुसले गेले होते. अक्कानं कमरेचा मोबाइल काढला, तेलुगूत कुणाला तरी दोन वाक्यं बोलली आणि परत खोचला. नर येणार नव्हता.

मग आईकडं वळली. आवाज चढवला नाही.

"काकू, वीस वर्सांपासून तुमच्या पायरीवर येते. मी वळली का तुमी पायरी धुता. कोपऱ्यावरून दिसते मले. पिचकारी धुतली त्याचं काय नवल?"

  मी लहानपणापासून ते बघत आले होते. कितीदा तर बादली मीच आणून दिली होती. आईचं फिनेल आणि माझे ससे यांत फारसा फरक नव्हता, आणि हे मला प्रयोगशाळेत नाही, त्या अंगणात उभं राहून कळलं. मला फार, फार लाज वाटली.

"माफ कर व," आई शेवटी म्हणाली.

 अक्कानं चुलीकडं बोट दाखवलं. "पिचकारी इथं उकळा ताई. माह्यासमोर. अन् माही भाऊजय आज कापसाले गेली हाय, तंगड्या धरायले कोनी नाई. काकू धरतील."

आईनं माझ्याकडं पाहिलं. मी चुलीत काटक्या घालू लागले. मध्ये पडायचं नाही असं मी ठरवलं होतं, आणि खरं सांगायचं तर मला बघायचंही होतं.

पाणी उकळलं, पिचकारी निवली, लस कालवली. आईनं निऱ्या वर खोचल्या. पहिलं पिल्लू धरलं तेव्हा ते केकाटलं आणि त्याहून मोठ्यानं आई केकाटली. पण हात सोडले नाहीत. चौथ्या पिल्लानं तिच्या साडीवर करायचं ते केलं. अक्का तोंडाला पदर लावून हसू दाबत होती.

"हासून काय राह्यली? सोडू काय याले?" आई ओरडली.

"सोडू नका काकू, घट धरा!"

गाभण मादीच्या वेळी दोघींनी मिळून धरलं, एक तंगडी एकीकडं, एक दुसरीकडं, आणि एकमेकींना शिव्या घालत. मी कानामागे सुई दिली. सगळं संपलं तेव्हा आई बाजेवर बसली. अक्कानं तांब्या पुढं केला. आईनं तो घेतला, थोडा वेळ तसाच हातात धरला आणि मग पाणी प्यायली.

दहा-बारा दिवसांनी ताप नाल्याच्या वरच्या अंगाला आला. तिथल्या दोन घरांची डुकरं गेली. मी हैदराबादहून रोज फोन करायचे, आणि आई रोज जिनिंगपर्यंत चालत जाऊन बघून यायची आणि सांगायची की हायेत, समदे हायेत. गाभण मादीला नऊ पिल्लं झाली. महिन्याचं रक्त तपासलं तेव्हा मॅडम म्हणाल्या, आता कसं, बेल्यानं बाकीच्या गावांना मागं टाकलं.

अक्का अजून दिवस कलता पोतं घेऊन येते. दोघी अजून तशाच भांडतात. पायरी आई अजूनही फिनेलानं धुते. तो तिचा स्वभाव आहे, तो जायचा नाही. पण आता ती अक्का यायच्या आधी धुते.